अठरा माणसांच्या काचऱ्या

वाचकाचं पत्र, थोडक्यात: साताऱ्याकडच्या एका वाचक भगिनींचं हे पत्र आहे. लग्नाला सहा वर्षं झाली. महाशिवरात्रीला सासरच्या मूळ घरी सगळे जमतात, लहानथोर धरून अठरा माणसं. फराळाच्या ताटात भगर, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर असतेच. पण सगळे वाट बघत असतात ती सासूबाईंच्या हातच्या रताळ्याच्या गोड काचऱ्यांची, म्हणजे तूप-गुळातल्या चकत्यांची. सासूबाईंचे सांधे दुखायला लागले, ओट्याशी फार वेळ उभं राहवेना, म्हणून गेल्या वर्षी हे काम यांच्याकडे आलं. तीन किलो रताळी आठ दिवस आधी आणून फ्रिजमध्ये ठेवली. घरातल्या मोठ्या लोखंडी कढईत सगळी एकदमच टाकली. गूळ सुरुवातीलाच घातला. अर्ध्या काचऱ्यांचा लगदा झाला, काहींच्या मधोमध टणक गाठ राहिली आणि ताटात वाढेपर्यंत सगळ्यावर काळपट छटा आली. "आईच्या हातच्या काचऱ्या वेगळ्याच," असं नणंद म्हणाली, ते वर्षभर मनात राहिलं आहे. शिवाय सासऱ्यांना मधुमेह आणि नणंदेच्या मुलांना गोड नको. त्या विचारतात: माझ्या हाताला ती चव नाही हे मान्य करून यंदा बाहेरून मागवू, ओव्हनमध्ये काहीतरी नवीन करू, की सरळ रताळ्याचा कीस करून मोकळी होऊ?

काय काय बिघडलं ते तुम्ही इतकं नेमकं लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार. बहुतेक पत्रांत "नीट झालं नाही" एवढंच असतं. तुम्ही लगदा, गाठ आणि काळपटपणा असं वेगवेगळं लिहिलंत, त्यामुळे कारणं शोधता आली. तीन बिघाडांची कारणं तीन आहेत: फ्रिज, कढई आणि गुळाची वेळ. हाताची चव वगैरे यात कुठे येत नाही. शिवाय सासूबाईंनी तीन किलो रताळी एका लोखंडी कढईत कधी केली असतील असं मला वाटत नाही. त्या कशात करायच्या, किती घाण्यांत करायच्या, हे विचारलंत का? तुमच्या पत्रात तो उल्लेख नाही. पितळेचं कल्हईचं पातेलं होतं की ॲल्युमिनियमचं पसरट भांडं, याने खूप फरक पडतो.

आधी टणक गाठ. रताळं हे उष्ण प्रदेशातलं कंद आहे, त्याला थंडी सोसत नाही. दहा-बारा अंश सेल्सिअसच्या खाली काही दिवस राहिलं की आतला गर असा बिघडतो की मग कितीही शिजवा, मधला भाग मऊ पडत नाही. बाहेरून ते चांगलं दिसतं, चिरतानाही कळत नाही, शिजल्यावर दाताखाली येतं. घरच्या फ्रिजचा भाजीचा कप्पा यापेक्षा बराच थंड असतो. तुम्ही आठ दिवस ठेवलीत ती काळजीपोटी, पण गाठ बहुधा तिथेच बसली. रताळी टोपलीत किंवा कागदावर, हवेशीर आणि सावलीच्या जागी, न धुता ठेवायची. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरतात आणि कुजतात. अशी उघड्यावर आठ-दहा दिवस राहिली तर बिघडण्याऐवजी गोडच होतात, कारण ताज्या खणलेल्या रताळ्यात पिष्ट (स्टार्च) जास्त असतं आणि ठेवल्यावर त्यातल्या काहीची साखर होत जाते. म्हणजे आठ दिवस आधी आणण्याचा तुमचा अंदाज बरोबर होता, जागा तेवढी चुकली.

दुसरा काळपटपणा. रताळ्यात, बटाट्यासारखंच, एक आम्ल असतं; त्याची लोहाशी गाठ पडली की शिजताना काही दिसत नाही, पण पदार्थ गॅसवरून उतरून हवा लागली की राखाडी-निळसर रंग चढत जातो. म्हणूनच कढईत असताना सगळं ठीक दिसत होतं आणि ताटात काळं पडलं. लोखंडी कढई आरोग्याला चांगली म्हणून घेतली असेल, ते खरंही आहे, पण रताळ्याला ती चालत नाही. स्टीलचं जाड बुडाचं पातेलं, नॉनस्टिकचा पसरट पॅन किंवा कल्हईचं पितळी भांडं घ्या. कल्हई उडालेलं पितळ मात्र नको. सुरी स्टीलची घ्या, विळी लोखंडी असेल तर तीही टाळा.

चिरल्यावर काचऱ्या हवेत ठेवल्या तरी तपकिरी होतात, ते वेगळं कारण. त्यासाठी एक पातेलं पाणी शेजारी ठेवायचं आणि चिरलेली काचरी थेट त्यात टाकायची. रताळ्याला पांढरा चीक असतो, तो बोटांना आणि सुरीला चिकटतो आणि मग काळा पडून दोन दिवस निघत नाही. सोलायला बसण्याआधी तळव्यांना तूप किंवा तेल चोळलं की हा त्रास वाचतो.

आता लगदा, जो तुम्हाला सगळ्यात जास्त लागला. इथे दोन गोष्टी एकावर एक आल्या.

एक म्हणजे गूळ लवकर घातला. गूळ किंवा साखर पडली की ती काचरीतलं पाणी बाहेर ओढते आणि काचरीला मऊ होऊ देत नाही. जुन्या बायका म्हणतात, "गूळ घातला की रताळं आखडतं." ते अगदी खरं आहे. काचरी जेवढी शिजली असेल तेवढीच गुळात राहते. त्यामुळे गूळ पडण्याआधी ती जवळजवळ पूर्ण शिजलेली हवी, आणि पूर्ण शिजून मोडायला आलेली मात्र नको. तो क्षण दोन-तीन मिनिटांचाच असतो, पुढे नेमकं सांगते.

दुसरी म्हणजे तीन किलो एकत्र. कढईत काचऱ्यांचे सात-आठ थर झाले असतील. खालच्या थराला आच लागते, वरचे कच्चे, आणि गुळात आखडल्यामुळे ते शिजेनातच. मग आपण ढवळतो. ढवळलं की खालच्या शिजलेल्या मोडतात, मोडलेल्यांतून पिष्ट सुटतं, ते गुळाच्या पाण्यात मिसळून खळीसारखं होतं आणि त्यात बाकीच्या रुततात. एकाच कढईत लगदाही झाला आणि कच्च्याही राहिल्या, हे त्यामुळे. कृती एक किलोची असेल आणि माणसं तिप्पट असतील तर जिन्नस तिप्पट होतात, पण भांडं तिप्पट रुंद होत नाही. पसरट भांड्यात दोनच थर मावतील एवढंच एका वेळी घ्यायचं, बाकीचं दुसऱ्या घाण्याला.

आणि तीन किलो लागतही नाही. ताटात भगर, आमटी, बटाटा, कोशिंबीर असताना माणशी शंभर ग्रॅम सोललेलं रताळं पुष्कळ होतं. साल आणि टोकं जाऊन साधारण पंधरा-अठरा टक्के वजन कमी होतं. म्हणजे अठरा माणसांना सव्वादोन किलो रताळी आणली की हाती साडेअठराशे ग्रॅमच्या आसपास येईल. एवढ्यात एखाद्याला दोनदा वाढताही येतं.

खरेदीला जाल तेव्हा मध्यम आकाराची, प्रत्येकी दीडशे ते दोनशे ग्रॅमची, दोन्ही टोकांना सारखी निमुळती घ्या, म्हणजे चकत्या एका मापाच्या पडतात. महाशिवरात्रीच्या आधी बाजारात दोन प्रकार दिसतात: करमाळ्याकडची गावरान, जरा लहान आणि गोड, आणि कर्नाटकातली मोठी, दिसायला देखणी. काचऱ्यांना गावरान बरी. लाल सालीची, पांढऱ्या गराची काचरी आकार धरून राहते. केशरी गराचं रताळं दिसतं सुंदर, पण त्यात पाणी जास्त आणि ते लवकर बसतं, त्याचा शिरा करा. सालीवर बारीक काळी भोकं असतील तर ते रताळं घेऊ नका. सोंडकिड्याने पोखरलेल्या रताळ्यात कडवटपणा पूर्ण गरात उतरतो, तेवढा भाग कापून काढला तरी जात नाही, आणि एका कडू रताळ्याने सगळं पातेलं बिघडतं. चिरल्यावर वास किंवा रंग वेगळा वाटला तर ते अख्खं टाकून द्या.

आता अठरा माणसांची कृती. घटक: सोललेल्या काचऱ्या साडेअठराशे ग्रॅम, मऊ गूळ पावणेचारशे ग्रॅम, साजूक तूप आठ मोठे चमचे, खवलेलं ओलं खोबरं दोन वाट्या, वेलचीपूड एक लहान चमचा, मीठ दोन चिमूट. गूळ चिक्कीचा नको. तो पाकात घट्ट होतो आणि गार झाल्यावर काचऱ्यांची ढेप बांधतो. कोल्हापुरी साधा मऊ गूळ किसून किंवा बारीक चिरून घ्या, खडे राहिले तर ते विरघळेपर्यंत काचऱ्या हलवाव्या लागतात आणि मोडतात.

काचरीची जाडी सहा मिलिमीटर ठेवा. नाण्यांवर बघायचं तर रुपयाची चार नाणी एकावर एक. याहून पातळ केलीत तर मोडते, जाड केलीत तर गूळ आत जात नाही. सगळ्या एकसारख्या असणं हे जाडीपेक्षाही महत्त्वाचं, म्हणून चिरायला एकच माणूस बसवा. सोलायला दुसरा. इथे थांबून एक विचारते: अठरा माणसांच्या घरात हे सगळं तुम्ही एकट्याने का करताय? सव्वादोन किलो सोलणं-चिरणं पाऊण तासाचं काम आहे. ते तुमचे यजमान आणि दीर टीव्हीसमोर बसूनही करू शकतात.

मोठ्या घाण्यासाठी एक उपाय आहे, त्याने काचरी मोडण्याची भीती बरीच जाते. जाड पातेल्यात दीड लिटर उकळतं पाणी आणि अर्धा लिटर साधं पाणी मिसळा. त्यात सहाशे-सातशे ग्रॅम काचऱ्या टाकून झाकण ठेवा, गॅस बंद. पाणी पासष्ट अंशांच्या आसपास राहतं. त्यात बोट टेकवत नाही, पण उकळीपासून ते बरंच लांब आहे. अर्धा तास तसंच राहू द्या. या उष्णतेला रताळ्याच्या पेशींना धरून ठेवणारा चिकट भाग घट्ट होतो आणि पुढे वाफ दिली तरी काचरी काठ सोडत नाही. मग चाळणीत पंधरा मिनिटं निथळत ठेवा. पाणी राहिलं तर तुपात परततानाच चिखल व्हायला सुरुवात होते.

मग वाफ. पसरट पातेल्यात दोन मोठे चमचे तूप तापवा, एक घाणा काचऱ्या टाका, मिनिटभर उलथन्याने खालून उचलत परता. गॅस बारीक करा. वर झाकण, झाकणात वाटीभर पाणी. पाणी घातलेलं झाकण आतली वाफ गार करून परत खाली पाडतं, म्हणून वेगळं पाणी शिंपडावं लागत नाही आणि बुडाला लागत नाही. गरम पाण्यात ठेवलेल्या काचऱ्यांना सात-आठ मिनिटं, तशाच घेतलेल्यांना नऊ-दहा. मध्ये एकदाच झाकण काढून, पातेलं दोन्ही कानांनी धरून झटका द्या. कालथा घालून ढवळू नका.

झालं की नाही हे असं बघा: एक काचरी ताटलीत काढा, सुरीचं टोक मधोमध घाला. टोक जाताना किंचित अडावं, आणि सुरी वर उचलली की काचरी क्षणभर बरोबर वर येऊन खाली सरकावी. काचरी तशीच सुरीला धरून राहिली तर कच्ची आहे, सुरी लोण्यात गेल्यासारखी गेली आणि काचरी चिरली तर उशीर झाला. आपल्याला मधली अवस्था हवी. त्या अवस्थेला काचऱ्या परातीत काढून पसरा आणि पुढचा घाणा टाका. असे तीन घाणे.

परातीत गार होऊ देणं ही टाळायची पायरी वाटते, पण टाळू नका. गार होताना आतलं पिष्ट घट्ट होतं आणि काचरी गुळात हलवताना टिकते. हे सगळं सकाळी आटपून दोन तास झाकून ठेवता येतं. म्हणजे पाहुणे आल्यावर गॅसपुढचं काम पंधरा मिनिटांचं राहतं.

वाढायच्या आधी तोच पॅन पुसून घ्या. निम्मा गूळ, एक मोठा चमचा तूप, दोन मोठे चमचे पाणी आणि एक चिमूट मीठ मंद आचेवर ठेवा. गूळ विरघळून बारीक फेस आला की निम्म्या काचऱ्या सोडा आणि चार-पाच मिनिटं पॅन हलवत राहा. उलथन्याने मध्ये एक रेघ ओढली की बुडाचा पाक एका सेकंदाने भरून यावा, तेव्हा गॅस बंद. पातळ वाटला तरी बंद करा. पाक गार होता होता घट्ट होतो, आणि तुम्ही एकतारी होईपर्यंत थांबलात तर पंगतीत तो चिवट झालेला असेल. मग खोबरं आणि वेलची. खोबरं आधी घातलं तर ते गुळाचं पाणी शोषून घेतं आणि काचऱ्या कोरड्या दिसतात. उरलेल्या निम्म्याचं तसंच.

तरीही लगदा झालाच तर घाबरू नका. त्याला चांगला घोटा, आणखी दोन चमचे तूप घालून पातेलं सोडेपर्यंत परता आणि खोबरं घालून रताळ्याचा शिरा म्हणून वाढा. दूध घालू नका, गरम गुळात दूध फाटतं.

आता तुमचे पर्याय. कीस करून मोकळी होऊ, असं म्हणता. पण कीस सोपा आहे हा गैरसमज आहे. किसल्यावर पेशी फुटतात, पिष्ट बाहेर येतं, आणि एका कढईत दोन किलो कीस परतायला घेतला तर काचऱ्यांपेक्षा लवकर गोळा होतो. करायचाच तर जाड किसणीने, अर्ध्या किलोच्या घाण्याने, पाण्याचा शिपका न मारता. अठरा माणसांना चार घाणे. म्हणजे काम वाचणार नाही, आणि लोक ज्याची वाट बघत होते ते ताटात नसेल.

ओव्हनचा विचार मात्र मला आवडला, आणि त्याला नवीन म्हणायची गरज नाही. चुलीच्या राखेत पुरलेलं रताळं आठवतं का तुमच्याकडे कुणाला? ते उकडलेल्यापेक्षा इतकं गोड का लागतं, तर ते सावकाश तापतं म्हणून. साठ ते पंचाहत्तर अंशांच्या दरम्यान रताळ्यातला एक विकर (एन्झाइम) पिष्टाची साखर करत असतो; रताळं त्या टप्प्यात जितका वेळ रेंगाळतं तितकं गोड होतं. कुकरमध्ये तो टप्पा पटकन ओलांडला जातो, म्हणून कुकरचं रताळं सपक आणि पाणचट. तुमच्याकडे ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, असेल तर अख्खी रताळी धुऊन, पुसून, काट्याने टोचून थंड ओव्हनमध्ये ठेवा, मग एकशे ऐंशी अंशांवर लावा. दीडशे-दोनशे ग्रॅमच्या रताळ्याला साधारण तासभर लागेल. सोलून जाड चकत्या करा आणि वर तूप-गुळाचा तोच पाक ओता. लगद्याची भीती नाही, ढवळणं नाही. चव भाजक्या रताळ्याची असेल, सासूबाईंच्या काचऱ्यांची नसेल. घरात ते चालणार असेल तर हा उत्तम पर्याय. परंपरा मोडेल म्हणून घाबरत असाल तर एवढंच लक्षात घ्या की रताळं स्वतःच अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर इकडे आलं. बटाटा, शेंगदाणा, मिरची, साबुदाण्याचं कंद, सगळ्यांचं मूळ तिकडचंच. उपासाच्या ताटाने एवढं सामावून घेतलं, तर ओव्हनही सामावून घेईल.

बाहेरून मागवण्यात काही कमीपणा नाही. पण मागवायचंच तर काचऱ्या सोडून बाकीचं मागवा. भगर आणि दाण्याची आमटी कुठूनही चांगली मिळते आणि परत गरम करता येते. तुमचा सकाळचा निम्मा वेळ सुटेल आणि तो काचऱ्यांना देता येईल. पत्रात या एका पदार्थाबद्दल तुम्ही जितकं लिहिलंय, त्यावरून तो दुसऱ्याकडून आणून तुमचं मन लागेल असं मला वाटत नाही.

सासऱ्यांसाठी. गूळ साखरेपेक्षा बरा, म्हणून त्यांना चालेल, अशी पुष्कळ घरांत समजूत असते. रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने दोन्हींत फारसा फरक नाही. दुसरी समजूत म्हणजे उपासाचं सगळं हलकं. साबुदाणा, बटाटा, रताळं, तिन्ही पिष्टच. तुमच्या पद्धतीत सोय आहे ती ही की काचऱ्या आधी वाफवून परातीत निघतात. त्यांच्या चार-पाच काचऱ्या तिथूनच बाजूला काढा. तूप-जिऱ्याची फोडणी, मिरपूड, मीठ, दाण्याचं कूट, वर लिंबू. जिरं तुमच्याकडे उपासाला चालत नसेल तर नुसती मिरपूड. भाजलेल्यापेक्षा वाफवलेल्या रताळ्याने साखर सावकाश वाढते, म्हणून त्यांना ओव्हनमधलं देऊ नका. आणि त्या ताटात साबुदाणा नको, बटाटा निम्मा, काकडी आणि ताक भरपूर. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना दिवसभराचा उपास करायचा का, हे मात्र त्यांच्या डॉक्टरांना आठवडाभर आधी विचारून घ्या. उपाशीपोटी औषध घेतल्याने साखर एकदम खाली जाऊ शकते.

मुलांसाठीही त्याच परातीतून. काचऱ्यांना मीठ, तिखट, थोडा लिंबाचा रस लावून राजगिऱ्याच्या पिठात घोळवा आणि तव्यावर तूप सोडून दोन्हीकडून कुरकुरीत करा. आधीच शिजलेल्या असल्याने प्रत्येक बाजूला दोन-दोन मिनिटं पुरतात. तव्यावरून थेट ताटात, कारण झाकून ठेवले की काप नरम पडतात. एका परातीतून तीन ताटं निघतात, तीन वेगळे स्वयंपाक करावे लागत नाहीत.

राहिलं नणंदेचं वाक्य. तुम्ही ते तुमच्यावरचा शेरा म्हणून ऐकलंत, आणि त्या दिवशी समोर ते ताट असताना तसं ऐकू येणं साहजिक आहे. पण जरा तिच्या बाजूने बघा. माहेरी आली, आणि आई पहिल्यांदाच ओट्याशी नव्हती, आत पाय लांब करून बसली होती. "आईच्या हातच्या काचऱ्या वेगळ्याच" हे वाक्य तुमच्या काचऱ्या उत्तम झाल्या असत्या तरी तिच्या तोंडून आलं असतं, असं मला वाटतं. कदाचित मी चुकत असेन. तुम्ही तिला ओळखता, मी नाही. यंदा ती आली की तिला लहानपणीच्या काचऱ्यांबद्दल विचारून बघा: खोबरं ओलं असायचं की सुकं, आई जायफळ घालायची का, कडा जरा करपलेल्या असायच्या का. मुलींना हे लक्षात असतं आणि सासूबाई ते सांगायला विसरतात, कारण त्यांच्या मते त्यात सांगण्यासारखं काही नसतं.

आणि सासूबाईंना "शिकवा" म्हणू नका. "अंदाजानं घालायचं" यापलीकडे उत्तर येणार नाही, आणि ते टाळाटाळीचं उत्तर नाही, त्यांचं माप खरोखरच मुठीत आहे. शिवरात्रीच्या दहा-बारा दिवस आधी, एखाद्या साध्या दुपारी, अर्धा किलो रताळी आणा. त्यांच्यासाठी ओट्याशी उंच स्टूल ठेवा. चिरणं, उचलणं तुम्ही करा. "आई, गूळ तुम्ही घाला," म्हणा, आणि त्यांनी मूठ भांड्यात सोडायच्या आधी ती काट्यावरच्या वाटीत रिकामी करून घ्या. तूपही तसंच. त्यांची मूठ साठ ग्रॅमची निघते की नव्वदची, ते वहीत लिहा. वर दिलेला माझा गूळ मध्यम गोडीचा आहे. त्यांचा आकडा वेगळा निघाला तर त्यांचाच धरा. पाक बंद करायची वेळ आली की त्यांना विचारा, आणि त्या "बास" म्हणतील तेव्हा रेघ ओढून बघा, पाक किती वेळात भरून येतो ते मोजा. तेही लिहून ठेवा.